टँक, हीलर आणि बाकीचे तिघे : ऑनलाइन खेळांतल्या भूमिकांविषयी

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. "सर, तुम्ही आणि कम्प्युटर गेम?" आवाजात काळजी होती. (हशा) प्रश्न रास्तच आहे. आमची सगळी नोकरी प्लेटो, ह्यूम आणि कांट शिकवण्यात गेली. पण आज आम्ही काही वाट सोडून चाललेलो नाही. माणसं एकत्र काम करतात म्हणजे नेमकं काय करतात, हा प्रश्न प्लेटोपासूनचा आहे. गेल्या पंचवीसेक वर्षांत या प्रश्नावर एक मोठा प्रयोग झाला, तो विद्यापीठांच्या बाहेर, रात्री जागून, पडद्यासमोर बसून. तो कितपत साधला आणि कुठे फसला, हे आज आपण पाहू.

आमचा या क्षेत्रातला अधिकार किती, तेही सांगून टाकतो. २०२० च्या टाळेबंदीत आमचा नातू त्याच्या शहरात अडकला, आम्ही आमच्या. फोनवर "जेवलात का", "जेवलास का" याच्या पुढे बोलणं सरकेना. तेव्हा त्याने आम्हाला 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नावाच्या खेळात ओढलं. खेळ २००४ चा. त्याची जुन्या धर्तीची आवृत्ती 'क्लासिक' या नावाने २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाली होती, ती आम्ही खेळलो. दीड वर्ष. फार प्रगती झाली नाही. पण जे पाहिलं ते डोक्यातून जात नाही, म्हणून आज तुमच्यापुढे.

पाच जणांची तुकडी

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हजारो माणसं इंटरनेटवरून एकाच काल्पनिक जगात एकाच वेळी वावरत असतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि ते तयार करतानाच त्याचा 'क्लास' निवडावा लागतो: योद्धा, पुरोहित, जादूगार, शिकारी वगैरे. वॉरक्राफ्टमध्ये सुरुवातीला असे नऊ क्लास होते, आज तेरा आहेत. पण क्लास कितीही वाढले तरी लढाईतल्या भूमिका तीनच राहिल्या.

एक टँक. त्याने पुढे उभं राहून मार खायचा. दुसरा हीलर. त्याने मार खाणाऱ्याला जगवायचं. तिसरे डीपीएस, म्हणजे दर सेकंदाला शत्रूचं किती नुकसान केलं या मापावरूनच ज्यांचं नाव पडलं ते. त्यांनी शत्रूला मारायचं. नेहमीची तुकडी पाच जणांची. त्यात टँक एक, हीलर एक, आणि मारणारे तीन.

आता गंमत अशी की शत्रू कुणावर धावून जाईल हे नशिबावर सोडलेलं नसतं. प्रत्येक शत्रूच्या मनात, म्हणजे प्रोग्रॅमच्या मनात, एक यादी चालू असते. कुणी आपल्याला किती दुखवलं? ज्याचा राग सर्वांत जास्त, त्याच्यावर तो धावतो. खेळाडूंच्या भाषेत याला 'अ‍ॅग्रो' म्हणतात. टँकचं कौशल्य हा राग स्वतःवर ओढून घेण्यात असतं. बाकीच्यांनी किती मारायचं याला मर्यादा असते. जवळून लढणाऱ्याने टँकपेक्षा दहा टक्के जास्त राग ओढवला, किंवा लांबून लढणाऱ्याने तीस टक्के, की शत्रू टँकला सोडून त्याच्याकडे वळतो. त्याच्या अंगावर चिलखत नसतं. दोन फटक्यांत तो आडवा.

म्हणजे बघा, ज्याचं कामच मारण्याचं आहे त्यालाही हात राखून मारावं लागतं. आपली ताकद किती याच्याबरोबर शेजारच्याची तयारी कुठवर आली, याचंही भान ठेवावं लागतं. आणि दुसऱ्याला बरं करण्यानेही शत्रूचा राग ओढवतो, मारण्याच्या मानाने निम्माच, पण ओढवतो. सेवा करणाऱ्याकडे शत्रूचं लक्ष नसतं असं नाही. ज्या कुणी हे नियम रचले त्याला माणसांच्या एकत्र राहण्याविषयी काहीतरी कळलेलं होतं, असं आम्हाला तेव्हाच वाटलं.

"आधी टँक"

नातवाने आम्हाला पुरोहित केलं. म्हणजे हीलर. कारण विचारलं तर म्हणाला, "आजोबा, तुमचा माऊसवर हात थरथरतो. तुम्ही कुणाला मारायला जाऊ नका. फक्त हिरव्या पट्ट्यांकडे बघत बसा."

पडद्याच्या डाव्या बाजूला प्रत्येक साथीदाराच्या नावाखाली एक हिरवी पट्टी असते. तो जखमी झाला की पट्टी आखडते. आपण मंत्र टाकला की पुन्हा भरते. मंत्राला ताकद लागते, ती 'माना', आणि तिची निळी पट्टी वेगळी. ती संपली की संपली. पहिल्या महिन्यात आम्ही एकही राक्षस नीट पाहिला नाही. बाकीचे म्हणत, केवढी मोठी गुहा, काय ते जहाज! आम्हाला दिसत त्या पाच हिरव्या पट्ट्या. टँक शत्रूकडे बघतो, मारणारे शत्रूकडे बघतात. तुकडीकडे बघत असतो तो एकटा हीलर.

'डेडमाइन्स' नावाची एक खाण आहे. तिथे लुटारूंची टोळी असते. आमचा नातू जादूगार. टँक कुणी अनोळखी माणूस, कुठल्या देशातला तेही माहीत नाही. बाकी दोघेही परके. एका वळणावर नातवाला धीर निघाला नाही. टँक पुढे जाण्याआधीच त्याने अग्नीचा गोळा सोडला आणि चार-पाच लुटारू त्याच्यावर धावले. त्याची पट्टी भराभर आखडू लागली. टँक मध्ये पडला, त्याचीही पट्टी आखडू लागली. आमच्याकडे माना उरली होती एका मोठ्या मंत्रापुरती.

आम्ही नातवाला वाचवलं.

टँक पडला. मग लुटारू मोकळे झाले आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना मारलं, नातवासकट. सगळं मिळून वीस सेकंद लागली असतील.

या खेळात मेल्यावर भूत होऊन स्मशानातून आपल्या देहाकडे धावत परत यावं लागतं. पाच भुतं रांगेने धावत होती. त्या अनोळखी टँकने दोनच शब्द टाइप केले, "आधी टँक." शिवी नाही, रागाची खूण नाही. मग तो खाणीच्या तोंडाशी आमच्यासाठी थांबला. वास्तविक तो निघून जाऊ शकत होता.

आम्ही वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आलो होतो की नीतीचा निर्णय घेताना आपला-परका बघू नये. कांटने काय म्हटलं, मिलने काय म्हटलं, सगळं फळ्यावर लिहून. आणि प्रसंग आला तो खोट्या खाणीत, खोट्या मरणाचा, तरी आमचा हात नातवाकडे गेला. वाईट कशाचं वाटलं? नातवाला वाचवलं याचं नाही. ते कुठलाही आजोबा करील. पण टँक पुढे उभा राहिला होता तो एका भरवशावर. मागे हीलर आहे, तो पहिल्यांदा माझ्याकडे बघेल, हा तो भरवसा. आम्ही त्याला तसं वचन दिलं नव्हतं, पण हीलर म्हणून तुकडीत शिरलो तेव्हाच ते दिलं गेलं होतं. भूमिका म्हणजे न बोलता दिलेलं वचन. आजच्या व्याख्यानात आम्हाला मुख्य सांगायचं आहे ते एवढंच. बाकीचं या वचनाचं काय होतं, ते कशाने टिकतं आणि कशाने मोडतं, याबद्दल.

ही वाटणी आली कुठून

इतिहास फार लांबवत नाही. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला. टेबलाभोवती बसून, कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा. त्यात तीनच क्लास होते: लढवय्या, जादूगार आणि पुरोहित. चोर पुढच्या वर्षीच्या पुरवणीत आला. इंग्लंडमध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी १९७८ पासून 'मड' हा केवळ शब्दांत चालणारा, अनेकांनी एकाच वेळी खेळायचा खेळ रचला. पुढे १९९९ मध्ये 'एव्हरक्वेस्ट' आला आणि तिथे या वाटणीला धार आली.

एव्हरक्वेस्टमध्ये बहुतेक क्लासना एकट्याने फार पुढे जाताच येत नसे. मेलात तर कमावलेला अनुभव वजा होई, देह जिथे पडला तिथे जाऊन सामान गोळा करावं लागे. लढाई झाली की माना भरेपर्यंत खाली बसून राहावं लागे. सुरुवातीच्या काळात मंत्र टाकणाऱ्याला त्यासाठी मंत्रांची पोथी उघडून बसावं लागे आणि ती पोथी समोरचा पडदा झाकून टाकी. समोर काही दिसत नाही, करायला काही नाही. मग माणसं काय करणार? गप्पा मारत. ती सक्तीची विश्रांती होती, पण एकमेकांची ओळख व्हायची ती तिथेच. टी. एल. टेलर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्या जगात खेळून २००६ मध्ये पुस्तक लिहिलं, 'प्ले बिट्वीन वर्ल्ड्स'. या विषयात रस असेल त्यांनी जरूर पाहावं.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला इथे प्लेटो आठवणारच. 'रिपब्लिक'मध्ये नगर का निर्माण होतं? तर एकटा माणूस स्वतःला पुरा पडत नाही म्हणून. आणि १८९३ मध्ये फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीम म्हणाला की आधुनिक समाज टिकतो तो सगळे सारखे असल्यामुळे नव्हे, तर सगळे वेगळे असून एकमेकांवर अवलंबून असल्यामुळे. पाच जणांची ही तुकडी म्हणजे दुर्खीमचं जणू घरगुती प्रात्यक्षिक.

क्लास आणि वर्ण

पण आपण भारतात बसून हे बोलतोय. "प्रत्येकाने आपापलं नेमून दिलेलं काम करावं म्हणजे सगळं सुरळीत चालतं", हे वाक्य आपल्याकडे कुणी उच्चारलं की आमचे कान टवकारतात. तुमचेही टवकारायला हवेत. हेच वाक्य हजारो वर्षं कुणाच्या गळ्यात काय बांधायला वापरलं गेलं, हे आपल्याला माहीत आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरच्या परिषदेसाठी १९३६ मध्ये जे भाषण लिहिलं, जे त्यांना करू दिलं गेलं नाही आणि जे त्यांनी स्वतः छापून प्रसिद्ध केलं, त्यात या युक्तिवादाचा समाचार घेतलेला आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जात ही कामाची विभागणी आहे असं सांगतात, पण ती मुळात काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे, आणि तीही वर-खाली रचलेली. त्यात माणसाची निवड नाही, त्याची कुवत बघितलेली नाही.

हीच कसोटी आपण या खेळाला लावू. पहिली गोष्ट, क्लास खेळाडू स्वतः निवडतो. पात्राचा क्लास बदलता येत नाही हे खरं, पण दुसरं पात्र काढता येतं. 'फायनल फँटसी फोर्टीन' या जपानी खेळात तर एकच पात्र सगळी कामं शिकू शकतं. हातातलं शस्त्र बदललं की भूमिका बदलली. दुसरी गोष्ट, टँकशिवाय हीलर निरुपयोगी आणि हीलरशिवाय टँक. वर-खाली करायला नियमात जागा नाही.

नियमात नाही, पण व्यवहारात शिरली. वॉरक्राफ्टच्या सुरुवातीच्या वर्षांत मोठ्या मोहिमा चाळीस जणांच्या असत. पॅलाडिन, ड्रुइड, शामन हे क्लास कागदावर लढूही शकत आणि बरंही करू शकत. पण मोहिमेत त्यांनी लढायची इच्छा दाखवली की उत्तर ठरलेलं असे: तू हीलिंग कर. "मला मारायला आवडतं" म्हणाला तर, मग येऊ नकोस. आणि मुलगी असेल तर ती हीलरच असणार, हा समज तर खेळाडूंमध्ये सर्रास. म्हणजे निवडीचं दार उघडं ठेवलं तरी माणसं आपल्या सवयीने ते लोटून घेतात. याचा दोष एकट्या खेळाला देता येणार नाही. आपण घरून काय घेऊन जातो त्याचा तो हिशोब आहे.

मग कुणी म्हणेल, भूमिकाच काढून टाका. तोही प्रयोग झाला. 'गिल्ड वॉर्स टू' हा खेळ २०१२ मध्ये आला तो हेच म्हणत. स्वतंत्र हीलर नाही. प्रत्येकाजवळ स्वतःला बरं करण्याची विद्या, आणि पडलेल्याला कुणीही हात देऊन उठवावं. ही शेवटची गोष्ट फार सुंदर आहे. रस्त्याने जाणारा परका माणूस थांबून तुम्हाला उठवतो आणि पुढे जातो. पण गुहांमधल्या लढायांत मात्र जो तो आपापलं बघतो, असं बऱ्याच खेळाडूंना वाटू लागलं. तीन वर्षांनी, २०१५ मध्ये, त्यांनी दहा जणांच्या अवघड मोहिमा आणल्या, आणि त्यांच्यासोबत मार झेलणारा आणि बरं करणारा या भूमिका मागच्या दाराने परत आल्या.

आमचा निष्कर्ष असा. भूमिका वाईट नाही. भूमिका सोडता न येणं वाईट. पण सोडता येणं एवढंही पुरेसं नाही. आणखी दोन अटी आहेत आणि या खेळांचं खरं अपयश तिथे आहे.

दिसणारं आणि न दिसणारं काम

पहिली अट, प्रत्येक भूमिकेचं काम दिसलं पाहिजे.

डीपीएसचं काम मोजता येतं. वॉरक्राफ्टचे खेळाडू पडद्यावर एक छोटा तक्ता लावतात, स्वतः बनवलेल्या जोड-प्रोग्रॅममधून. कुणी किती मारलं, उतरत्या क्रमाने, रंगीत पट्ट्यांत. लढाई संपली की सगळ्यांचे डोळे त्या तक्त्याकडे. पहिला नंबर कुणाचा? तक्त्यात हीलिंगचीही मोजणी असते, नाही असं नाही. पण तिचा अर्थ काय लावायचा? हीलरचा आकडा मोठा आला तर तो चांगला हीलर, की बाकीच्यांनी निष्काळजीपणाने जास्त मार खाल्ला? ज्या मोहिमेत सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं, तिथे हीलरचा आकडा लहान येतो. त्याचं यश म्हणजे काही न घडणं. आणि न घडलेल्याची पट्टी कुठल्या रंगात काढणार?

त्या चाळीस जणांच्या मोहिमांपैकी 'मोल्टन कोर' ही प्रसिद्ध. तिथे बॅरन गेडन नावाचा एक आगीचा राक्षस आहे. तो मध्येच एखाद्या खेळाडूला जिवंत बाँब बनवतो. काही सेकंदांत त्या खेळाडूचा स्फोट होतो आणि आसपासचे सगळे भाजतात. त्याने करायचं एवढंच, की लढाई सोडून, सगळ्यांपासून दूर पळायचं. तो पळाला तर एकट्याला लागतं. नाही पळाला तर मोहीम बुडते. पळणाऱ्या त्या माणसाचा तक्त्यातला नंबर खाली घसरतो, कारण तेवढा वेळ त्याने कुणाला मारलं नाही. एकोणचाळीस जणांना त्याने वाचवलं, याचा रकानाच नाही.

आता आम्ही एक घरचं उदाहरण देतो, आणि ते आमच्याच चुकीचं आहे.

आमच्या विभागात एक सहकारी होते. नाव सांगत नाही. वेळापत्रक ते लावत. परीक्षेला पर्यवेक्षक आला नाही की ते उभे. कुणा मुलीची शिष्यवृत्ती अडली की फॉर्म घेऊन कार्यालयाच्या खिडकीशी तेच. दोन प्राध्यापकांचं भांडण झालं की दोघांबरोबर वेगवेगळा चहा पिणारे तेच. बढतीची वेळ आली. तक्ता आला. शोधनिबंध किती, परिषदा किती, पुस्तकं किती. विभागप्रमुख म्हणून आम्ही तो भरायचा होता. त्यांच्या नावापुढे आकडे लहान होते, काही ठिकाणी शून्य होतं. खाली अभिप्रायाचा एक मोकळा रकाना होता. तिथे आम्हाला पानभर लिहिता आलं असतं. आम्ही लिहिलं, "समाधानकारक."

बढती दुसऱ्याला मिळाली. ते काही बोलले नाहीत, वेळापत्रक लावत राहिले. ते निवृत्त झाले आणि पुढच्याच सत्रात पहिल्या दिवशी एका खोलीत दोन वर्ग येऊन उभे राहिले. तेव्हा आम्हाला कळलं, इतकी वर्षं इथे काय घडत नव्हतं ते.

तो तक्ता आम्ही तयार केला नव्हता, हे खरं. पण मोकळा रकाना आमच्या हातात होता. डेडमाइन्समधल्या चुकीनंतर त्या रात्री आमच्या डोळ्यांपुढे आले ते टँक नव्हे, हे सहकारी. त्यांना नंतर भेटलो, सांगितलं. ते हसून म्हणाले, "सर, आता काय त्याचं!" त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

गाण्याच्या मैफलीत आपण साथीदारालाही दाद देतो. तबलजीने गायकाला नेमक्या जागी सोडलं की जाणकाराच्या तोंडून "क्या बात है" निघते. ती दाद मोजमाप नाही. कुणीतरी कान देऊन ऐकत होतं, याची ती पावती. फायनल फँटसी फोर्टीनमध्ये असं काहीसं आहे. मोहीम संपली की अनोळखी साथीदारांपैकी एकाला प्रशंसेची खूण देता येते. कारण लिहावं लागत नाही. आकड्यांच्या तक्त्यापेक्षा ही सोय आम्हाला जास्त शहाणी वाटते.

उद्या न भेटणारी माणसं

दुसरी अट, उद्या पुन्हा भेट झाली पाहिजे.

जुन्या वॉरक्राफ्टमध्ये तुकडी जमवणं हे कष्टाचं काम. हाका मारायच्या, "टँक हवा, टँक हवा." अर्धा-पाऊण तास. मग चालत खाणीपर्यंत जायचं. कटकट होती. पण एका सर्व्हरवर माणसं मर्यादित. आज तुम्ही कुणाला अर्ध्यात टाकून गेलात तर ते नाव लक्षात राहायचं. चांगला टँक भेटला तर त्याचं नाव मित्रांच्या यादीत जायचं.

डिसेंबर २००९ मध्ये खेळात एक सोय आली, 'डंजन फाइंडर'. बटण दाबा, आपली भूमिका सांगा. यंत्र वेगवेगळ्या सर्व्हरवरून पाच जण जुळवतं आणि थेट गुहेत नेऊन सोडतं. सोय उत्तम. टाळेबंदीतल्या आजोबालासुद्धा हवीहवीशी वाटेल अशी. पण आता समोरची माणसं पुन्हा कधी दिसणार नाहीत. त्यामुळे नमस्कार नाही, निरोप नाही. टँकने धावत सुटायचं, बाकीच्यांनी मागे. कुणी अडखळलं की मत घेऊन हाकलायचं, दुसरा येतो. भूमिका तीच, नियम तेच, टँक तोच मार खातोय. पण आपण मघाशी ज्याला वचन म्हणालो ते आता कुणी कुणाला दिलेलं नसतं. ते यंत्राने परस्पर वाटलेलं असतं.

परिणाम काय झाला? टँक आणि हीलर कमी पडू लागले. साहजिक आहे. जबाबदारी सगळी त्यांच्यावर, चुकलं तर बोल त्यांना, आणि ओळख कुणाचीच नाही. २०११ मध्ये कंपनीने तोडगा काढला. ज्या भूमिकेची टंचाई असेल, ती घेणाऱ्याला वेगळी बक्षिसाची थैली. म्हणजे आधी नातं काढून घेतलं आणि मग त्या जागी मजुरी ठेवली. आमचं या खेळावरचं सर्वांत मोठं टीकेचं बोट इथे आहे. आणि ते फक्त खेळाकडे नाही. आपल्या कचेऱ्या, रुग्णालयं, महाविद्यालयं, जिथे जिथे माणसं तासाच्या आणि कंत्राटाच्या हिशोबाने बदलत राहतात, तिथे कामाची वाटणी चोख असते, पण संघ होत नाही. मग "टीमवर्क" या विषयावर कार्यशाळा घ्यावी लागते.

तो डेडमाइन्सचा टँक थांबला होता. त्याला कुणी थैली देणार नव्हतं. आमच्या मते तो थांबला कारण नवा हीलर जमवण्यापेक्षा याच म्हाताऱ्याला शिकवणं बरं, असं त्याने ठरवलं. त्याचं नाव आमच्या यादीत अजून आहे. पुढे आम्ही त्याच्याबरोबर पुष्कळ वेळा खेळलो. तो कोण, कुठला, हे आम्ही विचारलं नाही. पण त्याच्या पट्टीकडे आधी बघायला मात्र शिकलो. थांबतो.

प्रश्नोत्तरांतून

एका श्रोत्यांचा प्रश्न : माझा मुलगा रात्र-रात्र खेळतो. यातून तो टीमवर्क शिकेल असं म्हणायचंय का?

उत्तर : नाही, असं प्रमाणपत्र आम्ही देणार नाही. झोपेचं नुकसान होतंच, ते थांबवा. खेळातला गुण आपोआप जगण्यात उतरत नाही. उत्तम टँक असलेला मुलगा घरात पाण्याचा पेला उचलत नाही, हे आम्ही स्वतःच्या घरात पाहिलंय. (हशा) पण एक करा. त्याला विचारा, "तू कोण असतोस? टँक की हीलर? आणि आज कुणी तुला वाचवलं?" तो सांगेल. मग त्याला सांगता येईल की घरातही कुणीतरी हिरव्या पट्ट्यांकडे बघत बसलेलं असतं.

दुसरा प्रश्न : आता तर माणसांऐवजी कम्प्युटरचेच साथीदार घेऊन खेळता येतं. त्याबद्दल?

उत्तर : हो. फायनल फँटसी फोर्टीनमध्ये २०१९ पासून आणि वॉरक्राफ्टमध्ये २०२४ पासून तशी सोय आहे. लाजाळू माणसाला, शिकणाऱ्याला, आमच्यासारख्या थरथरत्या हाताला तिचा उपयोग आहे, आम्ही नाकारत नाही. ते साथीदार कंटाळत नाहीत, शिवी देत नाहीत, कधी सोडून जात नाहीत. पण सोडून जाऊच शकत नाही त्याचं थांबणं, आणि जाऊ शकत असूनही कुणी थांबणं, यात फरक आहे. खाणीच्या तोंडाशी तो टँक उभा होता, तेव्हा आम्हाला हा फरक कळला.